तीन नंबरचा स्विच

आदिलाबादच्या जिनिंग मिलमध्ये मी नोकरीला लागले, तेव्हा माझं काम नेमकं काय, हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. वडील गावाबाहेर भाजी पिकवायचे आणि आईसोबत बाजारात बसून विकायचे. कुणी विचारलं की म्हणायचे, "पोरगी मिलीत कागदं सांभाळते." मला ते ऐकून चीड यायची. पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेली मी, आणि कागदं सांभाळते? पण खरं तेच होतं. प्रत्येक यंत्राचा वायरिंगचा नकाशा, प्रत्येक पॅनलशेजारी लावलेला स्विचांचा तक्ता, यंत्र चालू कसं करायचं आणि बंद कसं करायचं याच्या सूचना, हे सगळं माझ्याकडे होतं. यंत्रात काही बदललं की कागद बदलायचा, आणि बदललेला कागद जिथे जिथे लागतो तिथे पोचवायचा.

हे काम मला एका म्हाताऱ्या ड्राफ्ट्समनने शिकवलं. ते उर्दू शाळेत शिकलेले, निवृत्तीला टेकलेले. माझ्याशी हिंदी-मराठीची खिचडी करून बोलायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बजावलं, "बेटी, नवीन नकाशा कुणी बी काढंल. जुना भिंतीवरून उतरवून आणणं, ते तुझं काम." जुना कागद हातात परत आल्याशिवाय ते नवा द्यायचेच नाहीत. परत आलेल्या कागदावर लाल पेन्सिलने आडवी रेघ मारायची, वर उर्दूतून 'मन्सूख' लिहायचं, म्हणजे रद्द, आणि तो पेटीत टाकायचा. नव्या कागदाच्या कोपऱ्यात छोटी चौकट. त्या चौकटीत काय बदललं, काऊन बदललं, कुणी बदललं, हे लिहायचं. मी मराठीत लिहायचे, खाली तेलुगूत. फिटर लोकांना वाचता आलं पाहिजे, एवढाच हिशेब.

एकदा मी विचारलं, "रद्द झालेला कागद ठेवायचा कशाला? फाडून टाकू या ना."

ते म्हणाले, "आधी कसं होतं हे कळलं नाही, तर आत्ताचं असं काऊन आहे हे बी कळत नाही."

ते निवृत्त झाले आणि टेबल माझं झालं. त्यानंतरच्या एका हंगामात मिलच्या मोठ्या पॅनलला आग लागली. कापसाच्या मिलीत आग नवी नसते. हवेत रुईचे तंतू उडत असतात, एक ठिणगी पुरते. माणसं वाचली, पण अर्धं पॅनल जळालं. नवं वायरिंग करताना जागा अपुरी पडली म्हणून काही स्विचांची अदलाबदल करावी लागली. सरकी वाहून नेणारा जो लांब स्क्रू यंत्रांच्या खालून फिरतो, त्याचा स्विच आधी तीन नंबरला होता, तो सात नंबरला गेला. तीन नंबरवर एक पंखा आला. मी फिटरसोबत प्रत्येक वायर हाताने चाचपून नवा तक्ता केला, जुना उतरवला, रेघ मारली, त्यांनी शिकवल्याप्रमाणे उर्दूत 'मन्सूख' लिहिलं. पॅनलच्या पत्र्यावरही प्रत्येक स्विचखाली रंगाने नाव लिहून घेतलं. त्यात हुशारीचं काही नव्हतं. रोजचं काम होतं.

मग जमीन विकावी तशी आमची मिल विकली गेली. हैदराबादच्या एका कंपनीने आमची मिल घेतली, मुधोळची घेतली आणि बेल्लमपल्लीकडची एक घेतली. तिन्ही एकाच आदिलाबाद जिल्ह्यातल्या, म्हणून सोयीच्या. आणि विक्रीची शाई वाळते न वाळते तोच सरकारने जिल्ह्याचे तुकडे केले. मुधोळ निर्मल जिल्ह्यात गेलं, बेल्लमपल्ली मंचेरियालमध्ये गेली. लोक पेढे वाटत होते, कुणी आपलं गाव भलत्या जिल्ह्यात गेलं म्हणून रस्त्यावर बसले होते. आमच्याकडे झालं ते इतकंच, की प्रत्येक कागदावरचा पत्ता चुकीचा ठरला.

हेड ऑफिसने तीन मिली एक करण्यासाठी एक साहेब पाठवला. त्याच्या हुद्द्यात 'इंटिग्रेशन' असा शब्द होता. कामगारांनी त्याचं नाव 'एकीकरण साहेब' ठेवलं आणि तेच टिकलं. तरुण माणूस, बोलायला गोड, सतत फोनवर. पहिल्याच मीटिंगमध्ये त्याने सांगितलं, की तिन्ही मिलींचे सगळे तांत्रिक कागद आता एकाच नमुन्यात येतील. वर कंपनीचं नाव, खाली नवा जिल्हा, आणि सगळ्यांवर व्हर्जन एक.

मी हात वर केला. मीटिंगमध्ये मी एकटीच बाई होते. माझ्या बोलण्याआधीच दोघंतिघं हसले.

मी म्हटलं, "सर, आमच्या मोठ्या पॅनलचा तक्ता आत्ता पाचव्या आवृत्तीवर आहे. त्याच्यावर व्हर्जन एक लिहिलं, तर आधीच्या चार कुठं गेल्या? आणि दोन कागद समोर आले, दोन्हींवर एकच लिहिलेलं, तर खरा कोणता हे फिटरला कसं कळणार?"

साहेब हसला. "मॅडम, नवी कंपनी आहे. जुनं ओझं कशाला घ्यायचं? सगळं एकपासून सुरू."

"ओझं नाही सर, इतिहास आहे. कुठं काय बदललं त्याचा."

"इतिहास म्युझियममध्ये," तो म्हणाला, आणि सगळे मोकळेपणाने हसले. आमचा मॅनेजरही हसला. तो वाईट माणूस नव्हता. तेलुगू घरातला, माझ्याशी हिंदीत बोलायचा, आगीच्या वेळी स्वतः बादली घेऊन धावलेला. पण हेड ऑफिसचा फोन आला की खुर्चीतून अर्धा उठून बोलायचा.

माझ्या कपाटातले सगळे कागद त्यांनी स्कॅन करायला नेले. रद्द झालेल्यांची पेटीही नेली. मी म्हटलं, ती नेऊ नका. नेणारा म्हणाला, सगळंच न्यायचं आहे. हैदराबादला कुठल्याशा ठेकेदाराच्या माणसांनी ते नव्या नमुन्यात उतरवले. त्यांनी मिल कधी पाहिली नव्हती. त्यांच्यासमोर एकाच पॅनलचे पाच-पाच तक्ते आले. नंतर मला कळलं, की त्यांनी सरळ जो स्वच्छ दिसला तो घेतला. माझ्या ताज्या कागदांवर हाताने लिहिलेल्या खुणा होत्या, कोपऱ्यातली भरलेली चौकट होती, तेलाचे डाग होते, कारण ते वापरातले होते. जुन्यावर एकच लाल रेघ आणि उर्दूतला एक शब्द. रेघ कॉम्प्युटरवर पुसता येते. उर्दू त्यांना वाचता येत नव्हती.

तक्ते छापून आले तेव्हा ते फार देखणे होते. जाड कागद, निळी पट्टी, वर लॅमिनेशन, सगळं इंग्रजीत. कोपऱ्यातली चौकट गायब. तिच्या जागी एक ओळ होती, 'तयार करणार', आणि त्यापुढे माझं नाव. प्रत्येक कागदावर. मी न केलेल्या, मी कधी न पाहिलेल्या कागदांवरसुद्धा. कुणीतरी एका फाईलवर माझं नाव टाकलं होतं आणि ती ओळ सगळीकडे चिकटवली होती.

मी बसून चाळायला लागले. दुसऱ्याच तक्त्यावर हात थांबला. मोठं पॅनल, तीन नंबर, सरकीचा स्क्रू. आगीच्या आधीचा तक्ता होता तो. मी तशीच मॅनेजरच्या खोलीत गेले.

"सर, हे लावायचे नाहीत. यातले कितीतरी चुकीचे आहेत. मी एकेक तपासून देते, तोवर भिंतीवरचे जुने राहू द्या."

"ऑडिट आहे," तो म्हणाला. "ऑडिटनंतर दुरुस्त करू."

"ऑडिटला चुकीचे तक्ते दाखवायचे?"

"मॅडम, ऑडिटवाला स्विच बंद करून पाहत नाही. नमुना पाहतो." मग थोडा मऊ होऊन म्हणाला, "तुम्ही चुकांची यादी करा. मी पुढे पाठवतो."

मी यादी केली. पाठवली. एकीकरण साहेबालाही पाठवली. उत्तर आलं नाही. आलं ते दुसरंच. माझी मुधोळच्या मिलीत काही दिवसांसाठी रवानगी, तिथले तक्ते लावून घ्यायला. मी गेल्यावर इथे सुट्टीच्या दिवशी शिपायांना लावून सगळे लॅमिनेशन भिंतींवर चढवले. त्याच आठवड्यात पॅनलांना कंपनीचा निळा रंग दिला. स्विचांखाली मी लिहून घेतलेली नावं रंगाखाली गेली. राहिले फक्त नंबर.

त्या आठवड्यात माणसंही हलवली होती. आमचा फिटर, ज्याने माझ्यासोबत वायरी चाचपल्या होत्या, त्याला बेल्लमपल्लीकडे पाठवलं. त्याच्या जागी मुधोळच्या मिलीचा फिटर आदिलाबादला आणला. महाराष्ट्राच्या सीमेवरच्या गावचा, घरी कापूस आणि ज्वारी, बोलणं आमच्याच वळणाचं. मागच्या वर्षी मुधोळच्या पॅनलांचे तक्ते मीच करून दिले होते, तेव्हापासूनची ओळख. मुधोळला मी पोचले त्या सकाळी तो निघायच्या तयारीत होता. डबा पिशवीत घालता घालता म्हणाला, "ताई, तुमच्याकडं चाललो. तिकडचं मले काईच माहीत नाई."

मी म्हटलं, "भाऊ, भिंतीवरचं नवं काही मानू नका. मी आले की सांगते सगळं."

तो हो म्हणाला. पण आमच्या भिंतीवरचं जुनं त्याने कधी पाहिलंच नव्हतं, म्हणून त्यातलं नवं कोणतं हे त्याला कळायला काही मार्गच नव्हता.

हंगाम ऐन भरात होता. कापसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत उभ्या. सरकीचा स्क्रू तुंबला आणि आपोआप बंद पडला. हे नेहमीच व्हायचं. अशा वेळी फिटरने स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप लावायचं, आणि झाकण उघडून हाताने अडकलेली सरकी काढायची. त्याने तसंच केलं. पॅनलकडे गेला, भिंतीवरचा तक्ता पाहिला, तीन नंबर बंद केला, कुलूप लावलं, येऊन झाकण उघडलं आणि हात घातला. पॅनलच्या खोलीत बसलेल्या ऑपरेटरला सात नंबरवर कुलूप दिसलं नाही, तीनवरचं त्याला पंख्याचं वाटलं. बाहेर गाड्या खोळंबलेल्या, फोरमन ओरडत होता. ऑपरेटरने लाईन चालू केली.

मला मुधोळला फोन आला. कुणाचा ते आठवत नाही. फक्त आठवतं, की मी पहिला प्रश्न विचारला तो, "कोणता नंबर बंद केला होता?" समोरचा चिडला. "इथं माणसाचा हात गेला आणि तुम्हाला नंबर पाहिजे?" मी फोन ठेवला आणि बस पकडली. मला उत्तर माहीत होतं.

त्याला नागपूरला नेलं होतं. उजवा हात कोपराच्या वर काढावा लागला. मी गेले तेव्हा तो शुद्धीत होता, चेहरा राखेसारखा. त्याची बायको पायथ्याशी बसली होती. मला पाहून ती उठली नाही.

"तुमीच का त्या कागदवाल्या ताई?" तिने विचारलं. "सगळे म्हणून राह्यले, तुमच्या हातचा कागद होता."

मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "तिले कायले बोलतं." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "ताई, मले इंग्रजी धड वाचता येत नाई, यंत्रायची नावं तेवढी समजते. पण खाली तुमचं नाव पाह्यलं. तुमी मुधोळले मांगच्या साली आमचे तक्ते करून देल्ते, ते बराबर होते. मंग मले काई शंका आली नाई."

त्याने ते तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. समजावून सांगत होता, आपण निष्काळजीपणा केला नाही म्हणून. मी तिथून बाहेर आले आणि दवाखान्याच्या जिन्यात उभी राहिले. रडू येईल असं वाटलं होतं, पण नाही आलं. माझे दात एकमेकांवर इतके घट्ट बसले होते, की कानशिलं दुखायला लागली. त्यांनी माझं काम पुसलं होतं, ते एक वेळ ठीक. पण माझं नाव ठेवलं होतं. आणि त्या माणसाने विश्वास ठेवला तो नेमका त्या नावावर.

मी आदिलाबादला परतले तर मॅनेजरने खोलीत बोलावून दार लावून घेतलं. एकीकरण साहेब आधीच बसला होता. टेबलावर एक नवा तक्ता होता, मोठ्या पॅनलचा. सात नंबर, सरकीचा स्क्रू. अगदी बरोबर. व्हर्जन दोन. आणि तारीख अपघाताच्या आधीची.

"बघा, तुमची चूक आम्ही सुधारून घेतली," साहेब म्हणाला. "इथं फक्त सही करा. आणि या दुसऱ्या कागदावर, की हा तक्ता तुम्ही वेळेत फिटरला दिला होता."

"माझी चूक?"

"कागदावर नाव तुमचं आहे, मॅडम."

"ते मी लिहिलं नाही. तुम्ही लिहिलंत."

"कुणी लिहिलं ते कुणी पाहत नाही. काय लिहिलंय ते पाहतात." तो अजूनही शांत होता. त्या शांतपणाचीच मला जास्त चीड आली. "सही केलीत तर तुमच्यावर काही येत नाही. फिटरने नवा तक्ता पाहिला नाही, त्याचा हलगर्जीपणा, विषय संपला. नाही केलीत तर व्हर्जन एक तुमच्या नावावर राहतं."

म्हणजे गंमत पाहा. इतके दिवस ज्या माणसाला आवृत्त्या म्हणजे म्युझियम वाटत होतं, त्याला आता अचानक दुसरी आवृत्ती हवी होती.

मी मॅनेजरकडे पाहिलं. तो टेबलावरच्या काचेकडे बघत होता. मी म्हटलं, "सर, आग लागली तेव्हा तुम्ही माझ्याशेजारी उभे होता. स्विच हलवले ते तुमच्या डोळ्यांसमोर. तुम्ही बोला ना काहीतरी."

तो हळूच म्हणाला, "मॅडम, ऐका यांचं. प्लीज."

मी उठले. काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. आमच्या बाजारात बायका भाव पाडणाऱ्या दलालाला जे बोलतात, तसलं काहीतरी होतं. त्यात शेवटी एवढं होतं, की त्या माणसाच्या उरलेल्या हातावर मी माझी सही देणार नाही. दुसऱ्या दिवशी मला घरी बसायला सांगितलं. कामावर यायचं नाही, चौकशी होईपर्यंत.

कारखाना निरीक्षक येणार हे मला गेटवरच्या वॉचमनने सांगितलं. मी आले. वॉचमन म्हणाला, "बाई, तुमाले आत सोडायचं नाई असं सांगितलं," आणि तोंड फिरवून उभा राहिला. मी आत गेले.

निरीक्षक थकलेला माणूस होता. नवे जिल्हे झाल्यापासून त्याच्याकडे कुठकुठचा भाग आला होता, फायली कुठे होत्या आणि तो कुठे होता, सगळं विस्कटलेलं. मोठ्या पॅनलच्या खोलीत सगळे उभे होते. भिंतीवर आता बरोबरचा तक्ता लागलेला. एकीकरण साहेब समजावत होता, की यंत्रणा चोख आहे, कामगाराने पाहिलं नाही.

मी दारातूनच निरीक्षकाला म्हटलं, "साहेब, हा तक्ता अपघातानंतर लागला. त्याच्यावर आधीची तारीख टाकून माझ्याकडून सही मागितली होती. मी दिली नाही."

साहेबाने "यांच्यावर चौकशी चालू आहे" असं सुरू केलं. निरीक्षकाने हात वर करून त्याला थांबवलं आणि मला विचारलं, "तुमच्याकडे काय आहे दाखवायला?"

माझ्याकडे काहीच नव्हतं. कपाट त्यांच्याकडे, कॉम्प्युटर त्यांच्याकडे, पेटी हैदराबादला. मग डोक्यात आलं, की यांनी फक्त हीच खोली नीट केली असणार. माणूस जिथे सापडला तेवढीच जागा पुसायची, हीच यांची पद्धत.

"साहेब, शेजारी गाठी बांधायच्या प्रेसचं पॅनल आहे. तिथला तक्ता पाहू या."

प्रेसच्या खोलीत निळ्या पट्टीचा तक्ता झळकत होता. त्यावर पाच नंबरला प्रेसचा पंप. पंप धडधडत चालू होता. मी निरीक्षकाला म्हटलं, "हा तक्ता खरा आहे असं कंपनी म्हणते. तर पाच नंबर बंद करायला सांगा."

मॅनेजर म्हणाला, "सर, हंगाम आहे, काम थांबेल..."

"बंद करा," निरीक्षक म्हणाला.

ऑपरेटरने पाच नंबर खाली ओढला. पंप तसाच धडधडत राहिला. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. आणि मग बाहेरून, रस्त्याच्या बाजूने, कापसाच्या गाड्यांवरून आरडाओरडा सुरू झाला. "अबे काटा बंद पडला! काटा काऊन बंद केला बे?" वजनकाट्याची खोली हलवली तेव्हा तिची जोडणी याच पॅनलवरून दिली होती. तेही माझ्या तक्त्यावर होतं, आणि यांच्या तक्त्यावर नव्हतं.

निरीक्षक चालणाऱ्या पंपाजवळ गेला, त्याच्यावर हाताचा पंजा ठेवला आणि तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "माणसं बाहेर काढा. सगळं बंद."

सगळे तक्ते यंत्रांशी पडताळल्याशिवाय मिल चालू करायची नाही, असा हुकूम निघाला. ऐन हंगामात. मला वाटलं होतं, कामगार तरी माझ्या बाजूने असतील. त्यांची रोजी बुडत होती. रुई वेचणाऱ्या बायका गेटवर मला गाठून म्हणाल्या, "तुह्या कागदापायी आमच्या चुली बंद करतं काय?" मी त्यांना काय सांगणार? त्यांचं खोटं नव्हतं. पण मला त्यांचाही राग आला, हे मी लपवत नाही. यातली कुणीही उद्या त्या स्क्रूजवळ उभी राहिली असती.

मिल चालू करायची तर कंपनीला मीच लागत होते, म्हणून मला परत बोलावलं. बेल्लमपल्लीकडून आमचा जुना फिटरही आणला. आम्ही दोघांनी एकेक वायर पुन्हा चाचपली. मी अट घातली होती, की प्रत्येक कागदावर कोपऱ्यातली चौकट परत येईल, आधीच्या सगळ्या बदलांसकट, आणि माझं नाव फक्त मी स्वतः पडताळलेल्या कागदावर असेल. मॅनेजरने मान हलवली. काम झालं, मिल चालू झाली, हंगाम उरकला. आणि मग मला पत्र मिळालं, की पुनर्रचनेत माझं पद रद्द करण्यात आलं आहे. सही एकीकरण साहेबाची. तो तोवर वरच्या जागेवर गेला होता. मॅनेजरची दुसरीकडे बदली झाली. जाताना त्याने मला फोन केला, नुसतं 'मॅडम' म्हणाला, आणि ठेवून दिला. मी परत केला नाही.

हात गेलेल्या फिटरची केस रेंगाळली. कंपनीचा वकील शेवटपर्यंत हलगर्जीपणाच म्हणत राहिला. निरीक्षकाचा अहवाल होता म्हणून ती टिकली. मीही साक्ष दिली. उलटतपासणीत वकिलाने मला तोच तक्ता दाखवून विचारलं, "हे नाव तुमचंच ना?" मी म्हटलं, "नाव माझं, कागद तुमचा." न्यायाधीशांनी मला, "विचारलं तेवढंच बोला," असं सुनावलं. निकाल त्याच्या बाजूने लागला. त्याला मुधोळच्या मिलीत गेटवर नोकरी मिळाली, गाड्यांची नोंद करायची. डाव्या हाताने लिहायला तो शिकला.

मी आता लहान मिलींची, आरा गिरण्यांची वायरिंग तपासायची कामं घेते. ठेकेदार म्हणतात, बाई फार किचकट आहे. असू दे. बाकी लोक, नात्यातले, ओळखीचे, म्हणतात की इतकी वर्षं झाली, आता तरी मनातून काढ. माझी आईसुद्धा म्हणते. मला ते जमत नाही. रागाने माझं काही बरं झालं असंही नाही. झोप कमी झाली, जवळची दोन माणसं तुटली. पण राग गेला, तर त्या खोलीत टेबलावर ठेवलेल्या कागदावर मी सही केल्यासारखंच होईल, असं काहीतरी मला वाटतं.

मागे मुधोळला कामानिमित्त गेले होते तेव्हा गेटवर थांबले. फिटरची बायको डबा घेऊन आलेली होती. तिने मला बसायला स्टूल दिलं आणि डब्यातली भाकर मोडून पुढे केली. नागपूरनंतर आम्ही पहिल्यांदाच भेटत होतो. ती म्हणाली, "त्या दिवशी मी तुमाले लई बोलली, ताई." मी म्हटलं, "तुम्ही बोललात ते बरोबर माणसाला नव्हतं, पण बोलणं बरोबरच होतं." ती जरा हसली.

तो डाव्या हाताने एका गाडीचा नंबर लिहीत होता. लिहून झाल्यावर म्हणाला, "ताई, अजून राग येतो काय तुमाले?"

"येतो."

"मले बी येते," तो म्हणाला. "गावात सगळे सांगून राह्यले, देवाची मर्जी होती, सोड. मी म्हणतो, तो कागद भिंतीले देवानं चिटकवला होता काय?"

मागे दुसरी गाडी येऊन हॉर्न वाजवायला लागली. तो उठला आणि खांद्याने रेटून त्याने गेट उघडलं.